बॅटरी नवी, घरघर जुनीच

गाडी एकदाची बंद पडली असती तर बरं झालं असतं, असं त्या दोन महिन्यांत मला कितीदा तरी वाटलं. बंद पडलेल्या गाडीचं दुखणं चटकन सापडतं. माझी गाडी बंद पडत नव्हती. किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी मोटर, घर्रऽ, घर्रऽ, घर्रऽ करत, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखा फिरायचा, आणि आता काही खरं नाही असं वाटायला लागलं की नेमकं इंजिन सुरू व्हायचं. मग दिवसभर काही तक्रार नाही. चढावर ओढ चांगली, आवाज नीट, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही.

गाडी साधीच आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, वय नऊ वर्षं. बॅटरी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिथेच गडबड झाली, कारण बॅटरी चार वर्षांची आहे म्हटलं की पुढचं कुणी ऐकूनच घेत नाही. नवरा म्हणाला बॅटरी, शेजारचे काका म्हणाले बॅटरी, आणि मेकॅनिकने तर बोनेट उघडायच्या आधीच "ताई, बॅटरी गेली" असं सांगून टाकलं. मग मीटर लावून १२.५ व्होल्ट दाखवले. आकडा पाहून मी मान डोलावली. पूर्ण भरलेली बॅटरी काही काम नसताना १२.६ ते १२.७ दाखवते आणि निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. १२.५ ही काही शेवटच्या घटका मोजणाऱ्या बॅटरीची खूण नव्हे.

नवी बॅटरी बसली. जुनी टाकून द्यायला माझा हात धजला नाही, ती पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवून दिली. चार-पाच दिवस गाडी खरंच बरी सुरू झाली आणि माझा मेकॅनिकवरचा विश्वास दृढ झाला. सहाव्या दिवशी पुन्हा घर्रऽ, घर्रऽ. ते चार-पाच दिवस का बरे गेले, हे नंतर कळलं. नवी बॅटरी बसवताना त्याने टर्मिनलवरची पांढरी-निळी भुकटी खरवडून काढली होती. जो काही फरक पडला तो त्या खरवडण्याने पडला असणार.

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सेल्फचे कार्बन झिजले असतील, उतरवून बघू." कार्बन म्हणजे सेल्फच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासत राहणारे तुकडे. असेलही. नऊ वर्षांत कार्बन झिजतात. पण "असतील" या शब्दावर मी एक बॅटरी बदलून बसले होते, आता सेल्फ उतरवायचा मला धीर होईना. मी गाडी घरी आणली आणि एक साधा डिजिटल मल्टीमीटर विकत घेतला.

त्याच्याही आधी मी एक केलं, ते निव्वळ वैतागातून. मेकॅनिककडे गेलं की गाडी शहाण्यासारखी वागते, म्हणून रोज सकाळी सुरू करताना फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लागले. पुरावा म्हणून. आठवडाभराचे तुकडे जमल्यावर मुलाने ते एका ॲपमध्ये उघडले, ज्यात आवाजाची लाट पडद्यावर दिसते. त्या लाटेवर सारख्या अंतराने उंचवटे होते. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की प्रत्येक उंचवटा म्हणजे एक पिस्टन हवा दाबतोय आणि सेल्फ तिथे क्षणभर अडखळतोय. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे दोन दाब येतात. उंचवटे मोजले, सेकंदाला पाच. म्हणजे सेकंदाला अडीच फेरे, मिनिटाला १५०. निरोगी सेल्फ असलं इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरे सहज फिरवतो. एवढे दिवस "जरा हळू फिरतोय" असं मी ज्याला म्हणत होते, त्याला आता एक आकडा मिळाला. मुलगा इतका खूश झाला की त्याने घरातल्या मिक्सरचंही रेकॉर्डिंग केलं.

आता मीटर. इथे मी दोन चुका केल्या. पहिली, गाडी फिरवून आणल्या आणल्या बॅटरी मोजली. मीटरने १२.९ दाखवले आणि मी हरखले. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर असा वरवरचा फुगवटा असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करायचे, थोडं थांबायचं आणि मग मोजायचं. दुसरी चूक जास्त मोठी होती. रात्रभर काहीतरी वीज खात असेल या संशयाने मी निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर लावला, अँपिअरवर. अर्धा तास गाडी झोपी जाऊ दिली. आकडा आला ३० मिलीअँपिअर. साधारण ५० च्या आत असेल तर काळजीचं कारण नसतं. हे ठीकच झालं, पण मी आकडा वहीत लिहीत असताना मुलगा आत बसून विचारतो, "आई, किल्ली फिरवू?" मी एवढ्या जोरात "नाही!" ओरडले की शेजारचे काका गॅलरीत आले. मीटरची झेप दहा अँपिअरची, सेल्फ मागतो शंभर ते दोनशे. फिरवली असती तर मीटरचा फ्यूज गेलाच असता.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट येत होते, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरी नीट चार्ज करत होता. बॅटरी नवी, चार्जिंग ठीक, चोरी नाही. मग उरलं काय? बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट. वाट म्हणजे दोन्ही वाटा, जायची आणि यायची. मला शाळेतला ओहमचा नियम तोंडपाठ होता, पण गाडीत परतीची वाट म्हणजे वायर नसून गाडीचं अख्खं अंग आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वीज बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायरने सेल्फला जाते, सेल्फच्या अंगातून इंजिनात उतरते, इंजिनातून गाडीच्या बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ते बॉडीला विजेच्या दृष्टीने आपोआप जोडलेलं नसतं. मध्ये एक पट्टी लावावी लागते. तिला सगळे अर्थिंगची पट्टी म्हणतात.

आधी मी आपली मीटर ओहमवर ठेवून सगळ्या वायरींचा रोध मोजत बसले. सगळीकडे ०.३. नंतर मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या, तरी ०.३. मीटर स्वतःच्याच वायरींचा रोध दाखवत होता. मला शोधायचा होता तो रोध याच्या कितीतरी पट लहान, ओहमचा शंभरावा हिस्सा. एवढा रोध घरातल्या मीटरला दिसत नाही, पण त्यातून १५० अँपिअर गेले की तो दीड व्होल्ट गिळतो. तेव्हा बंद गाडीची वायर मोजून उपयोग नाही. सेल्फ फिरत असतानाच मोजायला हवं, व्होल्टवर.

रविवारी सकाळी हे काम काढलं. मोजताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढला. लाइनमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ते दोन क्षण चाललं आणि बंद पडलं. नवरा किल्लीवर, मी पिना घेऊन बोनेटखाली, मुलगा वही-पेन घेऊन. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, माझी ओढणी घरात. दर खेपेला चार-पाच सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर सेल्फ तापतो.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबांवर. सेल्फ फिरताना १०.९. उत्तम, कारण ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर शंका घ्यायची. दुसरं माप सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि सेल्फच्याच अंगावर. ८.९! बॅटरी १०.९ देतेय आणि सेल्फला ८.९ पोचताहेत. दोन व्होल्ट मध्येच कुठेतरी. माझ्या पाठीवरून खरोखर काटा आला. बारा व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट म्हणजे चेष्टा नव्हे.

मग फक्त वाटेचे तुकडे पाडायचे होते. एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर: ०.३. चालेल. एक निगेटिव्हच्या खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर: १.७. सापडलं. निगेटिव्हच्या खांबापासून बॉडीपर्यंत ०.१, बॉडीपासून इंजिनापर्यंत १.६. परतीच्या वाटेवर एकूण ०.२ च्या आत असायला हवं होतं.

माझं गणित बरोबर आहे का हे बघायला आणखी एक सोपी युक्ती केली. जंप-स्टार्टच्या केबलपैकी काळी केबल घेतली, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला. किल्ली. सेल्फ असा काही गरगरला की नवऱ्याने घाबरून किल्ली सोडली. हा प्रयोग खरं तर मी सगळ्यात आधी करायला हवा होता. मीटरही लागत नाही आणि दोन मिनिटांत होतो.

पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली होती. ट्रे काढायचा तर बॅटरी काढायची, आणि बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला लागला तर निगेटिव्ह आधीच सुटलेली असल्याने काही होत नाही. उलट क्रमाने केलं तर पाना वेल्डिंग रॉडसारखा चिकटू शकतो. ट्रे निघाला आणि पट्टी दिसली. तांब्याच्या बारीक तारांची चपटी वेणी, एक टोक गिअरबॉक्सवर, दुसरं बॉडीवर. वेणीचा मधला भाग हिरवा पडलेला, गिअरबॉक्सकडच्या टोकाशी निम्म्या तारा तुटून कुंच्यासारख्या फिस्कारलेल्या. बॉडीकडचा बोल्ट हाताने फिरला. दहाचा पाना हातात होता, तो लावायची गरजच पडली नाही. बोल्टखाली वॉशरएवढं गोल गंजाचं चक्र, आणि त्याच्या कडेने रंगाचा पापुद्रा तसाच.

वर्षापूर्वी क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवला होता. तेव्हा ही पट्टी सोडवलीच असणार आणि परत लावताना बोल्ट ओढायचा राहिला असणार. कुणाला नावं ठेवत नाही. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालून बघितल्यावर मलाही वाटलं की राहू शकतं. पण यातून आणखी एक कोडं सुटलं. मधल्या काळात मला क्लच जड वाटायला लागला होता. इंजिनातून परत जायला नीट वाट मिळाली नाही की वीज मिळेल त्या वाटेने जाते, आणि इंजिन नि बॉडी यांच्यामध्ये धातूची अशी एक वाट असते क्लचच्या केबलची. सेल्फ दोन-तीनदा फिरवून लगेच केबलला हात लावला असता ती चक्क कोमट लागली. आतलं प्लास्टिक मऊ होऊन केबल धरायला लागली होती. क्लच जड, गाडी सुरू व्हायला जड, आणि दोन्हीचं मूळ एक सैल बोल्ट. ती केबल पुढे बदलावी लागलीच.

नवी पट्टी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरीच्या केबलइतक्याच जाड वायरची करून दिली, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग, म्हणजे बोल्ट जाईल अशी धातूची कडी. बसवण्याचं काम मी स्वतः केलं. पॉलिश पेपरने गंज आणि रंग घासून धातू चकाकेपर्यंत उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट ओढला, आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली शेवटी, वरून. सांध्याच्या मध्ये नाही. बॅटरीचे क्लॅम्प खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून लावले. पुन्हा मोजलं. इंजिन ते निगेटिव्ह ०.१. सेल्फवर १०.३. फोनवर रेकॉर्डिंग, उंचवटे सेकंदाला साडेआठ. मिनिटाला अडीचशेच्या वर फेरे. त्या संध्याकाळी मी उगाचच चार-पाच वेळा गाडी सुरू करून बंद केली.

आणि सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर सेल्फ झोकात फिरतोय, फिरतोय, फिरतोय... आणि चार सेकंदांनी इंजिन सुरू.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. सगळं करूनही चार सेकंद चारच! पण थोड्या वेळाने राग उतरला तेव्हा लक्षात आलं की ही तक्रार जुनी असली तरी वेगळी आहे. आधी सेल्फ हळू फिरत होता. आता सेल्फ ठणठणीत आहे आणि इंजिन पेट घ्यायला उशीर करतंय. दोन महिने मी दोन्ही दुखण्यांना एकच नाव देत होते, "उशिरा सुरू होते", आणि जो तो आपापल्या परीने त्याचा अर्थ लावत होता. फोनमधली जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. दोन्ही गोष्टी त्यांत होत्या. मी फक्त सकाळचीच रेकॉर्ड केली होती म्हणून त्या वेगळ्या दिसल्या नव्हत्या.

आता वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड केलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू केली तर किल्लीला हात लावताच सुरू. रात्रभरानंतर चार सेकंद. मेकॅनिकचं म्हणणं, थंड इंजिन आहे, तापमानाचा सेन्सर बघू. पण एकदा लांबून आल्यावर गाडी तासभर उभी होती. बोनेटला हात लावला तर चांगलंच गरम, आणि तरी चार सेकंद. म्हणजे प्रश्न थंडीचा नव्हता. गाडी किती वेळ उभी आहे याचा होता. उभ्या गाडीत हळूहळू काय कमी होत जातं? बॅटरी तर नाही. उरतो पेट्रोलचा दाब.

किल्ली ‘ऑन’ला नेली की मागच्या सीटखालून ‘ईंऽऽ’ असा बारीक आवाज येतो, साधारण दोन सेकंद. टाकीतला पंप लाइन भरून घेतो. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो हा दाब गाडी बंद केल्यावरही तासन्‌तास धरून ठेवतो. तो गळायला लागला की पेट्रोल हळूहळू टाकीत परत जातं आणि पुढच्या वेळी सेल्फ फिरत असताना लाइन पुन्हा भरावी लागते. हे तपासायला काहीच साहित्य लागत नाही. सकाळी किल्ली ऑनला नेली, आवाज थांबेपर्यंत थांबले, परत ऑफ, असं तीनदा. चौथ्यांदा सेल्फ. पुरता एक फेराही झाला नसेल, गाडी सुरू!

तरी एक शंका होती. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ठिबकत असेल तरी दाब असाच उतरतो. पण मग ते पेट्रोल सिलिंडरच्या वाटेत जातं, सकाळी धूर येतो, पेट्रोलचा वास येतो, एखादा प्लग ओला किंवा काळा निघतो. चारी प्लग सकाळी गाडी सुरू करण्याआधी काढले: कोरडे, फिक्या तपकिरी रंगाचे, चार जुळ्या भावंडांसारखे. दाबाचं गेज लावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनाशेजारी उडवणं हा रविवारचा विरंगुळा नव्हे. ते मेकॅनिकने लावलं. साडेतीन बार चढला, दहा मिनिटांत दोनवर आला आणि चाळीस मिनिटांत जवळजवळ शून्य. तो गेजकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, पंप." या वेळी बोनेट उघडल्यावर म्हणाला, एवढी प्रगती.

पंप मी लगेच बदलला नाही. चालताना दाब पुरेसा होता, गाडी कुठे अडणार नव्हती, आणि तीनदा किल्ली फिरवायला दहा-बारा सेकंद लागत होते. चार महिने तसेच काढले. मग एकदा नवरा गाडी घेऊन गेला, त्याला ही युक्ती सांगायची राहिली, आणि फोनवर जे ऐकून घ्यावं लागलं त्यानंतर पंप बदलला. जुनी बॅटरीही त्याच सुमारास चार्ज करून, गाडीला लावून बघितली. सेल्फ फिरताना १०.५.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला, गाडी उशिरा सुरू होतेय. मी म्हटलं, फोन बोनेटवर ठेव आणि किल्ली फिरव. मी वही पुढ्यात ओढली, उंचवटे मोजायच्या तयारीने. पलीकडून आलं, टक्‌टक्‌टक्‌टक्‌टक्, आणि मग काहीच नाही. "आतला दिवा मंद झाला का?" "विझलाच." डिकीचं झाकण परवापासून नीट लागलेलं नव्हतं, आतला दिवा दोन रात्री जळत होता. तिची मात्र बॅटरीच होती.